दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ

“आई, दार उघड,” कुमुद तायडेने ओळ म्हटली, क्षणभर थांबली आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. पहिल्यांदा ती नुसती हाक होती. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फाटायचा, कारण दार उघडायला घरात कोणी उरलेलंच नव्हतं. सगळी कविता त्या दुसऱ्या खेपेत होती. पण वाचनालयाच्या सभागृहातले दोनशे चेहरे कोरडेच राहिले.

“दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ पोचत नाहीये, ताई,” संयोजक गवारे विंगेतून कुजबुजले. “सगळ्यांच्या कानात बटणं आहेत. खोकला, अडखळणं, तेच तेच बोलणं, सगळं ती गाळून टाकतात.”

“मग तासभर काढायला सांगा की!”

“कोण काढतंय? गोंगाट सहन होत नाही आता कुणाला. तुम्ही पुढचं म्हणा ना.”

कुमुदने माइक बाजूला ढकलला आणि मंचाच्या कडेला येऊन ती जीव तोडून ओरडली, “आई, दार उघड! दार उघड! दार उघड!”

पहिल्या रांगेतल्या बाई शेजारणीकडे वळल्या. “एकदाच म्हणाली बघा,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “किती आटोपशीर!”