पोरीचं बघता येईल

"गोष्ट सांगू नका. गोष्ट मीही पाहिली आहे," चिद्रवार सर वर्गाला म्हणाले. "सिनेमा पाहताना तुम्हाला स्वतःला काय झालं, ते सांगा."

"झोप आली, सर," मागच्या बाकावरून खाजा म्हणाला. वर्ग खदखदला.

लातूर जिल्हा नवा होता आणि कॉलेजातलं समाजशास्त्रही नवं होतं. दुष्काळ तेवढा जुना. प्रोजेक्टर आला त्याच वर्षी सर नांदेडहून आले. दर महिन्याला एक पुस्तक, एक सिनेमा. हुंडा, दारू, जात, पाणी. वाचा, बघा आणि आपापली प्रतिक्रिया उभं राहून सांगा. पोरं गाइडातली वाक्यं ठोकून देत. 'ही समाजाला लागलेली कीड आहे' हे वाक्य सरांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांना आता त्या किडीचीच दया येऊ लागली होती.

त्या दिवशीचा सिनेमा एका सुनेचा होता. घरभराचं पाणी भरणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी आणि शेवटी आडात सापडणारी.

शिरूर अनंतपाळहून एस.टी.नं येणारी गौरम्मा वर्गात कधी तोंड उघडत नसे. आज ती हात वर न करताच उभी राहिली.

"सर, आमच्या घरात हेच चालू हाय. आमची वैनी. लहानथोर समदे तिला वैनीच म्हणतात. पहाटं घागरी घेऊन टँकरला जाते ती उन्हं वर आल्यावर येते. आई तिला शिळं वाढते. परवा एक घागर सांडली तर आईनं उलथनं फेकून मारलं. मी तिथंच बसून तुम्ही दिलेलं पुस्तक वाचून राहिले होते. बायकांच्या हालावरचं."

कोणी हसलं नाही.

"मला माझीच लाज वाटली, सर. दुसरं काही झालं न्हाई," एवढं बोलून ती खाली बसली.

तास संपल्यावर सरांनी तिला बोलावून घेतलं. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता. दुसऱ्याचं दुःख ऐकून माणसाला आनंद होऊ नये. पण मास्तर शेवटी मास्तर.

"घरात दुसरं कोणी बोलत नाही?"

"अण्णा आईम्होरं तोंड उघडत न्हाईत. काका तर आईच्याच बाजूचे."

"माहेर आहे तिला?"

"हाव, मुदखेडला. चांगले लोक हायेत. ये म्हणतात. तीच जाईना."

"का?"

"पोरीमुळं."

"एकच मुलगी?"

"हाव. एकच." गौरम्मानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पोरीला घेऊन निघाली तर आई दोघींनाबी उंबऱ्याभाईर जाऊ देणार न्हाई."

सरांनी चष्मा काढून पुसला. मोठं काही सांगायचं असलं की ते चष्मा पुसत. "बायका अशाच अडकतात बघ. पोरीसाठी म्हणून जन्म काढतात आणि एक दिवस आडात सापडतात. राहू दे मुलीला घरात. पोरीचं बघता येईल. आधी बाई वाचली पाहिजे. तू शिकलेली आहेस, एवढं तुला निभावता येणार नाही?"

गौरम्मानं बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक सोडवलं.

"निभंल, सर," ती म्हणाली.

अमावास्येला आई मठात गेली, तेव्हा गौरम्मानं काम फत्ते केलं. बातमी वर्गातल्या शकिलानं आणली. लातूरच्या स्टँडवर तिनं दोघींना पाहिलं होतं. तोंडावर पदर ओढलेली बाई नांदेडच्या गाडीतून सारखी उतरू बघत होती आणि गौरम्मानं बाहेरून दार दाबून धरलं होतं. गाडी हलल्यावरच तिनं हात काढला.

सरांनी ही हकिकत दोन वर्गांना रंगवून सांगितली. नाव तेवढं घेतलं नाही.

पण गौरम्मा त्यानंतर कॉलेजात आलीच नाही. पुढचा सिनेमा झाला, त्याच्या पुढचा झाला. शेवटी एका रविवारी सर बिस्किटांचा पुडा घेऊन शिरूरच्या गाडीत बसले. त्या लहान पोरीला रिकाम्या हातानं कसं भेटायचं?

गौरम्मा रस्त्यातच भेटली. डोक्यावर घागर, कमरेवर घागर. ओढणी जाऊन साडी आली होती.

"परीक्षा जवळ आली," सर म्हणाले.

"मी आले तर पाणी कोण भरंल, सर? मी राबून राहिले म्हणून तर वैनीला आणायला कोणी गेलं न्हाई." मग ती हसली. "निरोप आला होता तिचा. रात्रीची झोप लागते म्हणे आता."

सरांनी तिच्या कमरेवरच्या घागरीकडे पाहिलं. एका बाईला सोडवलं आणि तिच्या जागी आपल्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनीला जुंपलं. वर्गात टाळी मिळाली ती आपल्याला. भरायच्या घागरी हिला. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं आणि फार वाईट वाटलं.

ओसरीवर आई सुपारी कातरत बसली होती. सरांनी मनात धरली होती त्यापेक्षा ती फारच म्हातारी निघाली.

"शरणार्थ, सर. बसा," ती म्हणाली. "सून माहेराला गेली ती गेलीच बघा. कुणी कान भरले देव जाणे. पोटच्या लेकराकडं बघून तरी माणूस थांबतं."

गौरम्मानं चहाची कपबशी आणून सरांपुढं ठेवली आणि आत गेली. सरांनी मान वर केली नाही. चहा निवत होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी पुडा पुढं केला.

"सुनेच्या मुलीसाठी आणलाय. दिसत नाही कुठं?"

म्हातारीनं पुडा उलटसुलट करून पाहिला.

"बिस्किटं खायचं वय हाय का तिचं, सर? सुनेला एकच लेक. तुमच्याम्होरं आत्ता चहा ठिवून गेली, ती."