पाणी उकळेपर्यंत

१९४८च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं कळमनुरीकडची काही कुटुंबं गाव सोडून निघाली आणि पैनगंगेकाठच्या झाडीत दडून बसली. अंधार पडल्यावर नदी ओलांडून निजामाच्या हद्दीबाहेर जायचं, तोवर कुणी विस्तव पेटवायचा नाही, असं म्हाताऱ्या सटवाजींनी बजावलं होतं. द्वारकाच्या मांडीवर तिच्या भावाचं लेकरू भुकेनं रडत होतं. त्याची आई बाळंतपणातच गेली होती. ते डब्यातल्या दुधाच्या भुकटीवर वाढत होतं. "काका, पाणी उकळायला जरा विस्तव करू द्या." "धूर दिसला तर समदे मरू. नदीचंच पाणी घाल की." "मागं कच्च्या पाण्यानं हगवण लागली, तवा लेकरू हातचं जात व्हतं." "मंग सकाळचं दूध न्हाई का उरलं?" "या उन्हात ते नासतं. मी सांडून दिलं." लेकराचं रडणं आता कण्हण्यावर आलं होतं. सटवाजींनी उठून वाळक्या काटक्या वेचल्या आणि दगड मांडून स्वतःच जाळ केला. पाणी खळखळून उकळलं. द्वारकानं त्यातच वाटी आणि दूध पाजायचं बोंडलं उकळून घेतलं, पाणी थोडं निवू दिलं, मग भुकटी कालवली. तेवढा वेळ सटवाजी पटका सोडून धूर झाडीत पांगवत राहिले. ठसक्यानं त्यांचे डोळे गळत होते. "सावकाश पाज," ते म्हणाले, "मी हाय हितं." अंधारात सगळे नदी उतरले, तेव्हा पोट भरलेलं लेकरू सटवाजींच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.