चाळणीतला दाणा

"मॅडम, सुरुंग भरलेत. वर या," दगडखाणीच्या काठावरून लिंबाजी मुकादम ओरडला.

लाव्हाच्या दोन थरांमधली माती चाळताना जीवाश्म शोधणाऱ्या शलाकाला तांदळाएवढा तुकडा सापडला होता. डायनासोर संपले तेव्हा बिळात तगलेल्या एखाद्या इवल्या सस्तन प्राण्याची दाढ, जबड्यासकट? की नुसता खडा? सवयीनं तिनं तो जिभेला लावला. जुनं हाड चिकटतं, दगड चिकटत नाही.

तुकडा चिकटला. तेवढ्यात इशाऱ्याची शिट्टी वाजली, ती दचकली आणि तोंड मिटलं.

थुंकून पाहिलं, बोट घालून पाहिलं. काहीच नाही. मुकादमानं दंडाला धरून तिला वर ओढलं. मागे तो अख्खा थर उडाला.

"गिळला मी," ती पुटपुटली आणि जीभ कशाला तरी अडली. तिच्या दाढेच्या खाचेत दुसरी, चिमुकली दाढ बसली होती.