निळा ठिपका

निळा ठिपका सकाळपासून जागचा हलला नव्हता.

रावसाहेबांनी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला, गॅलरीत जाऊन रेंज पाहिली, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली. नकाशावर ठिपका तिथंच. बाकीचे ठिपके चार किलोमीटर पुढं निघून गेले होते.

"काच पुसून पोरगी चालायला लागत नाही," केशरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पोहे खाऊन घ्या आधी."

कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत सतरा दिवस दुसरा विषय नव्हता. जागृती थरच्या वाळवंटातून पायी निघाली होती. अठ्ठावीस दिवस, पाचशे किलोमीटर. रावसाहेबांनी हे लिफ्टमध्ये सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण ऐन रंगात आलेलं असताना मध्येच उठून सांगितलं. लोक हसले. हसू देत. तिच्याजवळच्या यंत्रावरून फक्त तीन जणांना मेसेज करता येत होता आणि त्या तिघांत एक रावसाहेब होते. हेही त्यांनी सगळ्यांना सांगून झालं होतं.

मेसेज आला तेव्हा शेजारचे अरविंद पेपर परत द्यायला दारात उभे होते. रावसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला.

"डावीकडं सैल वाटतंय. वरच्या बाजूला सोललंय. लीडर म्हणतो, दुपारपर्यंत नाही जमलं तर जीपमध्ये बस."

जीपमध्ये एकदा बसलं की मोहीम संपली, असा नियम होता. अकरा दिवस उरले होते. रावसाहेबांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

"लेकीचं टेन्शन येणारच हो," अरविंद म्हणाले.

रावसाहेब नुसतं हसले आणि एका बोटानं टाइप करायला लागले. 'ओला मोजा काढ. पाय कोरडा कर. जाड मोजा घाल आणि त्यावर आणखी एक. वीस पावलं टाकून सांग.'

अरविंदनी मान वाकडी करून वाचलं. "पण चालून पाय सुजतो ना? घट्ट व्हायला पाहिजे. सैल कसं होईल?"

"तिचं उलटं आहे."

"कमाल आहे!"

"माप मीच घेतलं होतं," रावसाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "चुकलं असेल तर माझंच चुकलं."

तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षांत सांगितल्याशिवाय कधी दांडी मारली नव्हती. आज साडेदहा वाजून गेले तरी डबा ओट्यावरच होता. अरविंद बराच वेळ बसले, चहा प्यायले, धीर देऊन गेले. केशरबाई पदराला हात पुसत समोर येऊन बसल्या.

"एवढ्या जणांना चालायला शिकवलंत," त्या म्हणाल्या, "असा जीव कुणासाठी टांगून घेतला नव्हता."

"ती वाळूत आहे, केशर. बाकीचे सगळे रस्त्यावर चालले."



जागृतीनं पहिलं पाऊल टाकलं तो दिवस रावसाहेबांना लख्ख आठवत होता. ते समोर गुडघे टेकून, हात पसरून बसले होते. दोन पावलं आली आणि धाडकन पडली. मग जे भोकाड पसरलं की शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. "रडून झालं की ऊठ, मी इथंच आहे," रावसाहेब म्हणाले होते. पोरगी हट्टी. तिसऱ्या खेपेला चालत आली ती थेट त्यांच्या हातात. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी शिरा करायला लावला होता.

पावणेबाराला ठिपका हलला.

आधी त्यांना वाटलं, आपलाच अंगठा लागला. मग तो पुन्हा हलला. केशभर, मग बोटभर. पाठोपाठ मेसेज आला: 'घट्ट बसलं. निघाले.'

"केशर, अगं चालली! चालली बघ!"

केशरबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. त्या हातानं मोबाइल बरबटला, पण त्या दिवशी रावसाहेब कुणावरही चिडले नसते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते वर्कशॉपला गेले आणि तिथंही सगळ्यांना ठिपका दाखवत फिरले.

अठ्ठाविसाव्या दिवशी जागृतीनं मोहीम पुरी केली. जीपची पायरीसुद्धा चढली नाही. रावसाहेबांनी सोसायटीत प्रत्येक मजल्यावर पेढे वाटले. वॉचमनला दोन दिले.

ती परतली त्या संध्याकाळी सारसोळ्यात तिच्या घरापुढं बेंजोचा बँड लागला होता. गल्लीच्या तोंडाशी तिचा बॅनर होता, फटाक्यांचा धूर होता. इस्त्रीचा सदरा घालून रावसाहेब केशरबाईंबरोबर गर्दीच्या अगदी मागं उभे राहिले. ऊर भरून आला होता आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

दारात भागीरथीनं आपल्या लेकीला ओवाळलं. जागृतीचं लक्ष आईकडं नव्हतंच. ती टाचा उंचावून गर्दीत कुणाला तरी शोधत होती. रावसाहेब दिसले तशी तिनं जोरात हात हलवला. लोकांनी वाट करून दिली.

रावसाहेब तिच्यासमोर आले आणि खाली वाकले. बेंजो थांबला.

"अवो, तुमी वडील मानसं!" भागीरथी गडबडून म्हणाली. "पोरीच्या पाया कशाला पडताव?"

"ऱ्हाव दे गं आये," जागृती म्हणाली. तिनं आईच्या खांद्यावर हात टेकला आणि सवयीनं डावा पाय पुढं केला.

रावसाहेबांनी बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. मग खिशातून छोटी चावी काढून घोट्यापाशी दोनदा फिरवली, ते रबरी पाऊल अलगद सोडवून हातात घेतलं आणि उलटं करून उजेडात धरलं. टाच झिजली होती. तडा एकही नव्हता.