खंडेनवमीचं फडकं

खंडेनवमीच्या सकाळी तारापूर एमआयडीसीतल्या सरबताच्या कारखान्यात पाटावर एक पाना, एक टेस्टर, दोन पकडी आणि मंगळीचं फडकं मांडलं होतं. ज्याचं जे हत्यार. फडक्यालाही हळदकुंकू लागलं होतं. धुतलेली बाटली कोरडी केल्याशिवाय तिच्यावर लेबल धरत नाही, आणि मासवणहून येऊन मंगळी नऊ वर्षं बाटल्या पुसत होती, या फडक्याच्या पूर्वजांना एकामागून एक झिजवत.

पाटाशेजारी नवी मशीन उभी होती, गळ्यात झेंडूची माळ घालून. तिचं नाव हवेची सुरी. पट्ट्यावरून बाटल्या जाणार, दोन फटींतून जोराची हवा सुटणार, बाटल्या कोरड्या.

मंगळीने तिला पुढून-मागून पाहिलं. "पातं कुठं हाय?"

"हवेचंच हाय," फिटर धर्मेश म्हणाला. "पन कापते." आणि मंगळी, रंभाबाई, दीपिका अशी बाटल्या पुसणाऱ्या बायकांची तीन बोटं त्याने मोडून दाखवली. केबिनमध्ये शेठसोबत चहा पीत बसलेल्या मुंबईच्या गिऱ्हाइकाने मान डोलावली, की मशीन राहणार आणि या तिघी जाणार. नाही डोलावली, तर मशीन परत.

"पूजलेलं हत्यार आज चालवत नायत, साहेब," धर्मेशने आठवण करून दिली.

सुपरवायझर बळवंतने विचार केला. "ती अजून कामाला लागलेली नाय. तिला कसली सुट्टी?" आणि बटण दाबलं.

आधी समई विझली. मग माळ सुटली. पाकळ्या, कुंकू, अक्षता, सगळं हवेत उडालं आणि ओल्या बाटल्यांवर बसलं. पट्ट्याच्या टोकाला चाळीस बाटल्या नवरीसारख्या नटून आल्या.

"देव हाय," रंभाबाई हळूच म्हणाली.

बळवंतने मशीन बंद केली. केबिनमध्ये कपबशा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंगळे, पूस!"

"फडका पूजेला बसलाय, साहेब. आज नाय उचलायचा."

"मग पदराने पूस. पदर कुठं पूजलाय?"

"लुगडा नवा हाय."

बळवंत जवळ आला, आवाज मऊ केला. "आजची लाज राख. या दोघींचं माहीत नाय, पन तुझं मी बघतो."

रंभाबाईने मंगळीचा कोपर धरला. "नको गे."

मंगळीने कोपर सोडवून घेतला.

चाळीस बाटल्या. नऊ वर्षांत तिचा हात इतका झरझर कधी चालला नव्हता.

गिऱ्हाइकाने एक बाटली उजेडात धरली, फिरवली. "एक थेंब नाही! मशीनने केलं?"

"मशीननेच," बळवंत म्हणाला.

मान डोलली. पेढे वाटले गेले. पाहुणे गेले. रंभाबाई आणि दीपिका मंगळीकडे न बघता चपला घालून निघून गेल्या. पदराची पिवळी-लाल चिंधी झाली होती, खाली पाणी ठिबकत होतं. मंगळी बळवंतपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, माझं?"

"बघतो म्हनालो ना." बळवंतने पाटावरून फडकं उचललं.

"आज उचलायचं नाय, साहेब," धर्मेश म्हणाला.

"ते आता हत्यार कुठं राहिलं?" बळवंतने फडक्याची नीट चौघडी घातली, वर एक पेढा ठेवला आणि दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत दिलं. "घरी ने. पूजेचं हाय, इथं कचऱ्यात टाकलेलं बरं दिसत नाय."

मंगळी हलली नाही. बळवंतने तिला खालीवर पाहिलं.

"अगं, ओली झालीस की. अशी एसटीत चढनार?"

दंडाला धरून त्याने तिला मशीनसमोर उभं केलं आणि बटण दाबलं. पदर फडफडला. ओंजळीतला पेढा उडून पट्ट्यावर पडला. फडकं तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. मग हवा थांबली.

"धर्मेश, किती?"

"चार सेकंद."

"लिहून ठेव," बळवंत म्हणाला. "कापडबी वाळवते."