सशाचं वर्ष

ऑफिसातल्या मैत्रिणींना यांगत्सेकाठचं उद्यान दाखवत यालिन बांबूबागेतून गुलाबबागेत आली. तिथे रविवारचे आईबाप आपल्या लग्नाळू मुलांची माहिती छत्र्यांवर चिकटवून बसले होते. त्या रांगेत तिची आईही होती! सदतिशीच्या यालिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागदावर लिहिलं होतं : 'जन्म सशाच्या वर्षी. स्वभाव शांत. रोज एकटीच जेवते. सोबत हवी.'

"मला चक्क बाजारात मांडलंस?" म्हणत तिने कागद टराटरा फाडला.

आईने मान वर केली नाही. वाकून तुकडे वेचता वेचता ती पुटपुटली, "तुला नाही गं मांडलं. सशाचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं. तुझ्या चोवीस वर्षं आधी मीही सशाच्याच वर्षी जन्मलेय."