राखून ठेवलेला डाव

मुंबईच्या व्हिडिओ पार्लरात सिनेमे बघून कमलाकर मास्तर कुंग फू शिकले आणि पोलादपुरात त्यांनी क्लास काढला. त्यांचा लाडका चेला निषाद काळा पट्टा कमरेला लागताच समोरच्या माडीवर स्वतःचा क्लास थाटून बसला, वर मास्तरांची अर्धी पोरंही पळवली. मास्तर खवळून समोरच्या माडीकडे बघत ओरडले, "जत्रेत सगळ्यांसमोर भिडू. हरेल त्यानं पाटी उतरवायची!" मग बायकोकडे वळून मिशीला पीळ देत म्हणाले, "सरोज, त्याला सगळं शिकवलं, पण एक डाव राखून ठेवलाय."

जत्रेला ही गर्दी! लढतीआधी रिवाजाप्रमाणे निषाद वाकून मास्तरांच्या पाया पडला. सवयीनं मास्तरांचा हात त्याच्या डोक्यावर गेला, "विजयी भव!"

पहिल्याच लाथेला मास्तर थेट भजीवाल्याच्या पिठात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात कंबर शेकत होते. काठावरून सरोजनं विचारलं, "आणि तो राखून ठेवलेला डाव?"

 

"आधी आशीर्वाद देऊन बसलो ना गो! मग डाव टाकून गुरूचा शब्द खोटा करू काय?"